विश्वास कुणाचा?

मी मराठी बायबलची एक प्रत बोलतेय. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो. फार थकलेय मी. वाचून वाचून पानं झिजली असती तर त्याचं काही वाटलं नसतं. माझा थकवा वेगळा आहे.

माझा जन्म बंगळुरूच्या छापखान्यातला. पण त्याआधी मी कितीतरी माणसांच्या डोक्यातून गेले होते. ती माणसं जुन्या भाषांतले शब्द पुढ्यात घेऊन बसत, हा की तो म्हणून वाद घालत, शेवटी एक अर्थ घेत आणि दुसरा सोडून देत. छापून झाल्यावर सोडलेला अर्थ कुणाला दिसत नाही.

नीलम्माच्या लग्नात मी आहेरात आले. ती मैंदर्गीची, माहेरी कानडी बोलणारी. मराठी वाचायला ती माझ्यावरच शिकली म्हणा ना. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. तिचा नवरा संगप्पा यंत्रमागावर कामाला. संध्याकाळी हातपाय धुऊन बसायचा आणि म्हणायचा, "वाच की, डोळं मिटून ऐकतो." बऱ्याचदा झोपूनच जायचा. मग ती मला हळूच मिटायची. ते दिवस सुखाचे होते.

पुढं संगप्पाच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. घरी प्रार्थनेला माणसं जमू लागली. त्या गटाच्या पुढाऱ्याला सगळे ब्रदर म्हणत. त्यांनी माझ्यातल्या पौलाच्या पत्रातली एक ओळ काढली, 'ख्रिस्तावरील विश्वासाने' या शब्दांवर बोट आपटलं आणि म्हणाले, "ताई, सगळं ह्याच्यावर हाय. तुमचा विश्वास पुरा असंल तर माणूस उठून बसंल."

त्या दिवसापासून नीलम्मा विश्वास पुरा करायला लागली. उपास धरले. भाकरी थापतानाही प्रार्थना चालायची. मला छातीशी धरून म्हणायची, "हाय, माझा विश्वास हाय." आणि लगेच घाबरायची, की असं सारखं म्हणावं लागतंय म्हणजे नसेलच.

संगप्पा गेला. दफनभूमीतून परतताना मी तिच्या हातात होते. ब्रदर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "कुटंतरी कमी पडलं, ताई."

घरी आल्यावर तिनं मला फळीवर ठेवलं ते ठेवलंच. दर रविवारी चर्चला जायची, पण प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची भाकर आली की मान खाली घालून ताट पुढं सरकवायची. थोरल्या नणंदेनं, मायाक्कानं, एकदा घरी येऊन कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "मीच मारलं त्येनला, आक्का. मी कुठल्या तोंडानं घिऊ?"

अशी बरीच वर्षं गेली. यंदा चर्चच्या हॉलमध्ये बायबलच्या नव्या भाषांतराची मंडळी आली. छापण्याआधी साध्या माणसांना वाचून दाखवायचं, कुठं अडतं ते विचारायचं, असं त्यांचं काम. मायाक्कानं नीलम्माला ओढतच नेलं. "जुनं बी घे संगं, ताडून बघाय," म्हणत मला पिशवीत टाकलं.

एस्तेरताई नावाच्या बाई वाचत होत्या. नीलम्मा माझ्यावर बोट फिरवत होती. एकाएकी बोट थांबलं.

"बाई, परत वाचा की."

"'ख्रिस्ताच्या विश्वासूपणामुळे'," एस्तेरताईंनी वाचलं.

"माज्यात असं न्हाय. ह्यात 'ख्रिस्तावरील विश्वास' हाय."

एस्तेरताई उठून जवळ आल्या. "मूळ भाषेत नुसतं 'ख्रिस्ताचा विश्वास' असं आहे, ताई. आपण त्याच्यावर ठेवलेला, की त्यानं आपल्याशी राखलेला? दोन्ही अर्थ निघतात. अभ्यासकांचंही एकमत नाही. आम्ही एक वर छापू, दुसरा तळटिपेत."

मला वाटलं, नीलम्मा रडेल. पण ती चिडली.

"म्हंजे मी त्येला धरायचं, असंच नव्हतं? त्येनं मला धरलं हुतं, असं बी हुतं तितं?"

"असंही आहे."

"मग दोन हुते तर एकच का छापला? इतकी वर्सं मी माज्या माणसाला मारलं म्हणत बसले!"

"वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून..." एस्तेरताई म्हणाल्या. ते उत्तर त्यांनाही पुरेसं वाटलं नसावं. त्या तिच्याशेजारी खाली बसल्या.

माझ्यातला विश्वास खोटा नव्हता. माणसाला तो लागतोच. पण 'वरील' एवढा एक शब्द माणसांनी जोडला, आणि त्याचं सगळं ओझं नीलम्मानं एकटीनं वाहिलं.

पुढच्या रविवारी ती मला चर्चला घेऊन गेली. भाकरीचं ताट तिच्यापर्यंत आलं. ती नुसती बघत राहिली.

"घे की," मायाक्का कुजबुजली.

"अजून राग हाय, आक्का."

"असू दे की. रागानंच घे."

नीलम्मानं तुकडा उचलला.

आता ती मला पुन्हा वाचते, रोज नाही, पण वाचते. त्या ओळीपाशी आली की जरा थांबते, मग पुढं जाते. नवी प्रत आली की मी ट्रंकेत जाईन. जाऊ दे, विसावा मिळेल. पण आजारी माणसाच्या घरी बायबल उघडणाऱ्यांनो, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंही वाचून दाखवा. फार बारीक असतं ते, पण कुणाचा तरी जीव तिथं अडकलेला असतो.