पहिल्या आईचा घास

थियारीने बदकाचे मेलेले पिल्लू कोमट पाण्यातून काढले, फडक्याने टिपले आणि बांबूच्या चिमट्यात धरून टोपलीत सोडले. वेटोळ्यातले डोके जरासे वर आले. जीभ आत-बाहेर झाली. मग डोके पुन्हा वेटोळ्यावर टेकले.

"हलव की जरा! जिवंत आहे असं वाटायला नको का तिला?" शेजारच्या सारोम मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर पान चघळत बसल्या होत्या.

थियारीने चिमटा हलवला. अजगराच्या पिल्लाने तोंड फिरवले.

"अगं बाई, तुमच्या जावयाचेसुद्धा एवढे नखरे नाहीत," मावशी थियारीच्या आईकडे वळून म्हणाल्या.

"जावई बिचारा पुढ्यात येईल ते गिळतो, मावशी," सायकल खांबाला टेकवत सामोल म्हणाला. थियारीचा नवरा बदकाची अंडी उबवणाऱ्यांकडे कामाला होता. तुसात ठेवलेल्या अंड्यांतून बाहेर येऊनही जी पिल्ले जगत नसत, ती तो केळीच्या पानात बांधून घरी आणत असे.

"हळू बोला," थियारीची आई, येन आजी, म्हणाल्या. "ऐकतेय ती."

खांबांवर उभ्या घराखालच्या त्या सावलीत फक्त झोळीची दोरी करकरत राहिली. झोळीत थियारीची तान्ही लेक बोफा झोपली होती. तापाने तिचे गाल लाल झाले होते आणि झोपेतच ती हसत होती.

ते हसू पाहिले की थियारी तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास पाही. तिचा पहिला मुलगाही असाच झोपेत हसायचा. पाहुणे कौतुक करायचे. एका सकाळी तो उठलाच नाही. तेव्हा आजी एवढेच म्हणाल्या होत्या की त्याच्या पहिल्या आईने त्याला परत नेले. लेकरू मागच्या जन्मातल्या ज्या आईची कूस सोडून या जन्मात येते, तिचा जीव त्याच्यात अडकलेला असतो. झोपेत ती त्याच्याशी खेळते. तिची समजूत घालावी लागते, तिला खाऊपिऊ घालावे लागते. त्या वेळी घरात कुणाला ते सुचले नव्हते.

बोफाच्या वेळी थियारी बाळंतिणीच्या बाजेवर निखाऱ्यांचा शेक घेत पडली होती. निखाऱ्यांशेजारच्या कोमट राखेत बोटाएवढ्या जाडीचे हे अजगराचे पिल्लू वेटोळे करून बसलेले सापडले. सामोलने काठी उगारली. आजींनी त्याचे मनगट धरले.

"मारू नका. आली आहे ती. या खेपेला आपल्या डोळ्यांना दिसेल अशी आली आहे."

तेव्हापासून टोपलीत जुन्या लुंगीची घडी होती, पाण्याची वाटी होती, समोर रोज उदबत्ती होती. नव्हता तो घास. पिल्लाची कातडी सैल पडली होती आणि पाठीच्या कण्याची धार वर दिसू लागली होती.

"जिवंत पिल्लू टाकलं की झडप घालील, आई," सामोल म्हणाला. "अजगर आहे ते. शिळंपाकं कशाला खाईल?"

आजींनी पांढऱ्या पोलक्यावरची ओढणी सारखी केली. आज शीलाचा, म्हणजे व्रत पाळायचा दिवस होता. दुपारपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हते.

"माझ्या हातून जीव जायचा नाही. तुमच्याही हातून या घरात नको. शील मोडून मी बोफाचं आयुष्य मागू कशी?"

"अहो, पण ही उपाशी मेली तर?"

सारोम मावशींनी हे विचारले आणि लगेच जीभ चावली. ही उपाशी गेली तर एकटी जाणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

आजी बराच वेळ हात जोडून टोपलीपुढे बसल्या. मग उठल्या, झोळीपाशी गेल्या आणि बोफाच्या अंगाखालचे घामेजलेले दुपटे हळूच ओढून घेतले.

"घास कुणाकडचा आहे ते तिला कळत नाही, म्हणून खात नाही. लेकीकडचा आहे, हे कळू दे तिला."

बदकाचे पिल्लू दुपट्यात गुंडाळून त्यांनी उन्हात ठेवले. ते अंगाइतके ऊबदार झाल्यावर दुपट्यासकट टोपलीत सोडले. जीभ एकदा आली, पुन्हा आली. मान मागे गेली, वळली आणि कुणाला काही कळायच्या आत घट्ट विळखा पडला. पिल्लाला आणि दुपट्यालाही.

आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. सामोल हसला. संध्याकाळी बोफाचा ताप उतरला.

मग तोच रिवाज पडला. दर खेपेला दुपटे, दर खेपेला ऊन. पहिली आई पोटभर जेवू लागली. टोपली पुरेना म्हणून सामोलने कोंबड्यांचे मोठे खुराडे दुरुस्त करून दिले.

"आता हिला सोन्याचे पैंजण करा," सारोम मावशी म्हणायच्या. "घालणार कुठे, तेवढं मात्र मला सांगा!"

थियारीही हसायची. बोफा अंगाने भरत होती. झोपेतले हसणेही कमी झाले होते.

शेतांतले पाणी ओसरले. बोफा बसू लागली. एका दुपारी दुपटे नुकतेच धुऊन वाळत घातलेले होते, म्हणून थियारीने पिल्लू तसेच खुराड्यात सोडले. ते पडले तिथेच पडून राहिले. अजगराची मान वर होती, पण तोंड दुसरीकडे होते. थियारीने तिकडे पाहिले. तिकडे झोळी होती. झोळी डावीकडे गेली की डोके डावीकडे जाई, उजवीकडे आली की उजवीकडे. थियारीने दोरी धरली. झोळी थांबली. डोकेही थांबले.

"बघ, ओळख पटली," आजी हरखून म्हणाल्या. "आई ती आईच गं."

मानेचा तो बाक थियारीने पाहिलेला होता. घास पुढ्यात आला की झडपेआधी मान नेमकी अशीच मागे जाई.

सामोल घरी आला तेव्हा ती त्याला विहिरीपाशी गाठून म्हणाली, "अहो, तळ्यापलीकडच्या झाडीत सोडून याल तिला?"

सामोलने घागर खाली ठेवली. वरून आजींच्या पाठाचा आवाज येत होता.

"सोडीन. आणि मग बोफाला ताप भरला तर?"

त्याने घागर उचलली.

पुढच्या घासाच्या दिवशी आजी सकाळीच विहारात गेल्या होत्या. थियारीने घरातली सगळी दुपटी राखेच्या पाण्यात भिजत घातली. बोफाला वर माडीवर निजवून दाराला बाहेरून कडी घातली. मग बदकाचे गार पिल्लू तिने आपल्या पोलक्यात, छातीशी धरले आणि स्वयंपाकाचे सगळे काम तसेच केले. पिल्लू उबले. त्याची पिसे तिच्या घामाने ओलसर झाली.

खुराड्याचे झाकण काढून ती गुडघ्यांवर बसली.

"मी आहे ना इथे," ती हलकेच म्हणाली. "माझा वास घ्या. तिचा सोडा."

जीभ बराच वेळ पिल्लावरून फिरत राहिली. थियारी पाठ केलेली प्रार्थना अर्ध्यावर विसरली. मग मान मागे गेली आणि विळखा पडला.

हळूहळू डोके, पंख, पाय, सगळे आत गेले. थियारी खांबाला टेकली. कित्येक दिवसांत ती अशी टेकून बसली नव्हती.

"आज दुपट्यावाचून जेवल्या का बाईसाहेब?" कुंपणापलीकडून सारोम मावशी ओरडल्या. "काय जादू केलीस गं?"

"काही नाही मावशी. भूक लागली असेल."

वर बोफा रडू लागली. थियारी धावत जाऊन तिला घेऊन आली आणि पायरीवर बसली. बोफाने सवयीने तोंड तिच्या छातीत खुपसले. तेव्हा थियारीच्या लक्षात आले की तिचे पोलके पुढून चिंब झाले आहे. घामाने नव्हे. स्वयंपाक करताना पान्हा फुटला होता, आणि ते तिला कळलेही नव्हते.

तिने बोफाचे डोके वर उचलले आणि वास घेतला. गालांना, हनुवटीला, मानेच्या वळ्यांत, मुठींत, सगळीकडे दुधाचा तोच आंबूस, गोड वास होता, जो मघाशी घासाला लागला होता.

समोरच्या खुराड्यावर झाकण लावायचे राहिले होते. पोट भरल्यावर पहिली आई एरवी लगेच वेटोळे घालून पडे. आज पडली नव्हती; मान पायरीकडे वळलेली होती.

बोफाने रडण्याचा सूर चढवला.

"अगं, घे की पोरीला पाजायला!" सारोम मावशींची हाक आली. "केव्हाची भुकेली आहे ती!"

थियारीचा हात पोलक्याच्या वरच्या गुंडीपाशी गेला आणि तिथेच राहिला.