जाताना घरघंटी कुणाला?

"अगं बाई, हा तर काळा साबुदाणा!" कमलिनीनं ग्लास उजेडात धरला. "मग संकष्टीला चालेल की गं, आसावरी?"

"चालेल, चालेल. पी मुकाट्यानं," मी म्हटलं. मालविका खुदकन हसली.

फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या बिल्डिंगखालीच हा बबल टीचा कॅफे नवीन उघडला होता. पार्टी कमलिनीची. फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्वयंसेवकांत तिची निवड झाली होती, आणि ते सांगायला तिनं आम्हा दोघींना ओढत खाली आणलं होतं. चौदा वर्षं दोह्यात राहून हिनं केलं काय? नवऱ्याचा पहाटेचा डबा आणि बिल्डिंगभरच्या मराठी बायकांची दळणं. नाशिकहून आणलेली घरघंटी होती तिच्याकडे. दिवाळीची भाजणी आमच्यापैकी कुणी कधी विकत आणली असेल तर शपथ. अशी ही बाई आता जर्सी घालून स्टेडियमच्या दारात उभी राहणार!

"मेट्रोकडे कुठून जायचं ते मी दाखवायचं," ती म्हणाली आणि तिथंच हात लांब केला. "वेलकम सर! धिस वे, प्लीज!" काउंटरवरची फिलिपिनो मुलगी हसली, तरी ही लाजली नाही. "मुलाखतीत इंग्रजी अडखळत होतं गं माझं. पण घेतलं मला! हे म्हणाले, आता तू जा कामाला, डबा मी भरतो."

मुलाखत मीही दिली होती. माझं एम.कॉम. झालेलं, इंग्रजी फाडफाड. मला नकाराचा ईमेल आला. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि तिच्या नवऱ्याची, गजेंद्रची नोकरी गेलीय, हे मला महिन्याभरापासून माहीत होतं. आमचे हे त्याच कंपनीत. स्टेडियम बांधून झालं, साइटवरच्या माणसांचं काम खलास. महिनाअखेरीला कंपनीचा फ्लॅट सोडायचा आणि भारतात परत. गजेंद्रनं ह्यांचे हात धरले होते, "कमलला सांगू नका, मी सांगतो." सांगितलं कुठं? रोज पहाटे सेफ्टी शूज घालून, डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर मॉलमध्ये बसून राहायचा. अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. मालविकालासुद्धा.

"नोव्हेंबरात दोघी याच हं," कमलिनी म्हणत होती. "गेटवर मला हाक मारा. फोटो काढू."

मी स्ट्रॉनं तळातले दाणे ढवळले.

"कमल, जाताना घरघंटी कुणाला देणार आहेस गं? मला ठेव. दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नकोस."

मालविकानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"जाताना? कुठं जाताना?"

"अगं, महिनाअखेरीला. गजेंद्रभाऊंची नोकरी... म्हणजे, सांगितलं नाही त्यांनी तुला?"

जीभ घसरली, असं मी नंतर मालविकाला सांगितलं. खोटं. हिला माहीत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तिचा तो लांब केलेला हात मला बघवत नव्हता, बास.

कमलिनी दाणा चावायची थांबली. मग हळूहळू चावून तिनं तो गिळला. रडेल, तिथूनच नवऱ्याला फोन लावेल, असं मला वाटलं होतं.

"किती दिवस झाले?"

"महिना."

"महिनाभर मी डबा देतेय," ती स्वतःशीच म्हणाली. "परवा म्हटलं, साइटवर ऊन फार, ताक जास्त देते." मग तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस हं. त्यांचं त्यांना सांगू दे. लाजेनं अर्धे होतील गं."

"नाही सांगत."

"आणि घरघंटी तुलाच. पण तुझी भाजणी पडलीय माझ्याकडे, ती आधी दळून देते. तुला जाळी बदलता यायची नाही."

तिच्या ग्लासात तळाशी साबुदाणा तसाच राहिला होता. तिनं तो ग्लास उचलून स्वतः काउंटरवर नेऊन ठेवला आणि त्या मुलीला थँक्यू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी खिडकीत होते. गजेंद्र शूज घालून खाली उतरला. वरच्या गॅलरीतून नेहमीसारखा आवाज आला, "अहो, ताक सांडेल, पिशवी उभी धरा!"

त्यानं वर न बघता हात हलवला आणि पिशवी उभी धरून चालू लागला.

मी खिडकी लावून घेतली. थोड्या वेळानं डोक्यावर घरघर सुरू झाली. माझी भाजणी दळायला घेतली होती तिनं.