ताऱ्याशेजारचा ठिपका

संशोधनासाठी निवड होऊनही अम्मीच्या आजारपणात करिमा भिगवणला राहिली आणि कॉलेजात फिजिक्स शिकवू लागली. धाकटी मुबशिरा परदेशी गेली, अवकाश दुर्बिणीवर काम करू लागली.

सुट्टीत आल्यावर तिनं एक फोटो दाखवला. ताऱ्याचा उजेड झाकून टिपलेला दूरचा ग्रह, नुसता ठिपका.

"याच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सापडला," ती म्हणाली.

अब्बांनी फोटो तीनदा पाहिला. करिमाच्या पोटात दुखू लागलं. बहिणीला अडवायलाच तिनं विचारलं, "ताऱ्याचा उरलासुरला उजेड त्यात मिसळला नसेल कशावरून?"

"आपा, हेच तपासण्यात आमचे सहा महिने गेले. तू पहिल्याच दिवशी विचारलं असतंस."

करिमाला ते कौतुक टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं. चहाचं निमित्त करून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.