गेरूखालचा चट्टा

माझी बहीण छकुली बाळंतपणाला माळेगावला आमच्याकडं आली हुती. पोरगी झाली आन् पंधराव्या दिवशी छकुलीचा पाय सुजून टम्म. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, शिरेत रक्ताची गाठ झालीय. आधी सुया दिल्या, मग रक्त पातळ करायची गोळी देऊन घरी धाडलं. गोळी मी घड्याळ बघून द्यायचो. गबाळं काम मला खपत न्हाय, मग ट्रॅक्टर असू नायतर बहीण.

गोळीच्या चौथ्या दिवशी तिच्या मांडीवर लाल चट्टा उठला, नुसती आग आग. आमची आई गोजरबाई म्हणाली, नागीण उठलीय. नागिणीवर औषध देणाऱ्या पणदऱ्याच्या दत्तोबानं वर गेरूचा जाड लेप दिला, तीन दिवस पाणी लावू नका म्हणाला. मीबी मान डोलावली. गाढवच की मी.

दुसऱ्या दिवशी ती कळवळायला लागली, तवा जीपमधनं बारामतीच्या त्याच दवाखान्यात नेली. डॉक्टर ऑपरेशनला गुतलेले. द्वारकाबाई म्हणून जुन्या सिस्टर हुत्या, त्या आल्या.

"गेरू पुसायचा न्हाय," आई म्हणाली.

बाईंनी ऐकून घेतलं आन् ओल्या कापसानं सगळा पुसला. खाली चट्टा जांभळासारखा काळा पडलेला. बोटानं दाबला, तरी रंग हलला न्हाय.

"गोळ्या किती झाल्या?"

"चार. पाचवी खिशात हाय."

"ऱ्हाऊ द्या खिशातच. मावशी, घरात असा पाय सुजून कुणी गेलंय?"

"हिचा बा," आई म्हणाली. "तिशीतच."

बाई तडक ऑपरेशनच्या दाराशी गेल्या. डॉक्टरांनी येऊन समजावलं. काहींच्या रक्तात गाठी न होऊ देणारा एक पदार्थ जन्मापासनंच कमी असतो. ही गोळी पयल्यांदा तोच कमी करती, मग कातडीखाली रक्त गोठत जातं. पातळ करायची गोळी आन् तिनंच रक्त गोठावं! आमच्या बापापासनं अंगात वाहत आलेली गोष्ट या बाईनं कापसाच्या एका बोळ्यानं हुडकली हुती.

गोळी बंद झाली, सुया परत चालू झाल्या, पुण्याला नेलं. तीन आठवड्यांनी छकुली आपल्या पायानं घरी आली. मांडीवर खड्डा तेवढा ऱ्हायला.

मी द्वारकाबाईंच्या पाया पडायला गेलो. "बाई, तुमाला कसं वो कळलं?"

त्यांनी पाय मागं घेतले.

"वीस वर्षांमागं इंदापूरला एक पोरगी आली हुती, असाच चट्टा घेऊन. आमाला वाटलं, गाठ वाढली. म्हणून गोळी वाढवली. शेवटची तिला मीच भरवली."