लाल पट्टीची काठी

लोर्नाने त्या माणसाच्या मनगटाखाली उशी सरकवली आणि तिची नजर त्याच्या मांडीवरच्या हेल्मेटवर गेली. हेल्मेटवर पुढच्या बाजूला शार्कचा जबडा रंगवलेला होता, दात विचकलेला. तिचा हात उशीवरच थांबला.

मार्चमध्ये किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर तिच्या वडिलांना, सिप्रियानोंना, एका विजेच्या सायकलने उडवलं होतं. खुबा मोडला. सायकलवाला थांबला नाही. "बाजूला हो, म्हाताऱ्या," असं ओरडून सुसाट निघून गेला. तेव्हापासून पापांचं धक्क्यावर जाऊन मासे धरणं कायमचं सुटलं. त्या माणसाचं त्यांना दुसरं काही आठवत नव्हतं, फक्त हेल्मेटवरचे दात.

आणि आज तेच दात इमर्जन्सी विभागात, तिच्याच टेबलासमोर येऊन बसले होते. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो.

"मनगटच ना?" तिने विचारलं.

"मनगट, आणि हा डावा खांदा," डॅरेन व्हिटकम म्हणाला. "खांद्यावर पडलो नाही, तरी ठणकतोय. हँडल पोटात घुसलं होतं, पण पोटाचं काही विशेष नाही."

आलेल्यांपैकी आधी कोणाला आत न्यायचं, हे ठरवणं लोर्नाचं काम. हँडल पोटात बसलंय आणि खांद्याला मार नसताना डावा खांदा ठणकतोय, म्हणजे पोटातली प्लीहा फुटून आत रक्त साचत असेल, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. तिने संगणकावर 'मनगट' एवढंच लिहिलं.

"बसा तिकडे. नाव पुकारतील."

"किती वेळ लागेल, सिस्टर?"

"गर्दी आहे."

गर्दी बेताचीच होती. कान दुखणारी एक बाई त्याच्या आधी आत गेली, मग पायात गळ रुतलेला एक कोळी. लोर्नाला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं. पापा रस्त्यावर विव्हळत पडले होते तेव्हा हा थांबला होता का? बसू दे मेल्याला.

थोड्या वेळाने तो स्वतःच उठून टेबलाशी आला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"जरा पाणी मिळेल?"

"तपासल्याशिवाय नाही."

"त्या थेरड्याने वाट लावली माझी," तो टेबलाला धरत म्हणाला. "जीवरक्षकांच्या मनोऱ्याजवळच्या बाकावर रोज बसलेला असतो. आज मी जवळ आलो आणि त्याने सरळ चाकात काठी घातली. मुद्दाम. लाल चमकती पट्टी होती काठीला."

ती पट्टी लोर्नानेच चिकटवली होती, सायकलवाल्यांना पापा लांबून दिसावेत म्हणून.

हा माणूस इथे मेला, तर पापा खुनी ठरणार होते. तिने टेबलाला वळसा घालून त्याच्या पोटावर हात ठेवला. पोट फळीसारखं घट्ट लागलं.

"स्ट्रेचर आणा. आत्ता."

स्ट्रेचरबरोबर धावता धावता तिने विचारलं, "पाहिलंत तर ओळखाल त्यांना?"

"म्हातारे काय," तो कण्हत म्हणाला, "सगळे सारखेच."

त्याचा हा माज तिला पहिल्यांदाच बरा वाटला.

शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद झालं. तिने घरी फोन लावला.

"पापा, काठी कुठाय?"

"मोडली." पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. "आला का तो?"

"आला."

"येणारच. जवळ दुसरं हॉस्पिटल आहेच कुठे? म्हटलं, माझ्याच्याने होईल तेवढं मी करतो, बाकीचं तू बघशील."

लोर्ना भिंतीला टेकली. हातमोजे अजून हातातच होते.

"बघतच होते, पापा," ती म्हणाली.