विधानसभेत घेतलेलं नाव

किसनराव आमदारांनी विधानसभेत शालूचं नाव घेतलं, तेव्हा भातकुलीपलीकडच्या त्या खेड्यात तिच्या कर्जगटातल्या बायकांनी पेढे वाटले. खरं तर तिनं तक्रार सांगितली तेव्हा नाव घेणार नाही, असा शब्द आमदारांनी दिला होता. पण भाषणाच्या भरात माणूस शब्द विसरतो, आणि भाषण झालंही झकास. फायनान्सवाले हप्त्याच्या दिवशी सगळ्या बायकांना एका घरात बसवतात आणि शेवटच्या बाईचे पैसे आल्याशिवाय कुणालाच उठू देत नाहीत, घरी तान्हं लेकरू रडत असलं तरी. यांना आवर घाला, असं ते गरजले. सगळ्या तालुक्यानं ते मोबाइलवर पाहिलं.

बायका भोळ्या. आमदार विधानसभेत बोलला म्हणजे कायदा झाला, असंच त्यांनी धरलं. पुढच्या मीटिंगला वसुलीवाला नितेश आला, तर त्याला दारातूनच वाटेला लावलं. "कायदा झाला, भाऊ. आता बसणं बंद," असं शालूच पुढे होऊन बोलली. तेव्हा काय ऐट होती तिची!

आता तोच नितेश तिच्या घरात खुर्ची टाकून बसला होता. आवाज चढवत नव्हता, आणि शालूला त्याचंच भय वाटत होतं. ओरडला असता तर शेजारची गंगूबाई तरी धावून आली असती.

"कायदा-बियदा काई झाला नाई, मावशी," तो पाणी पिऊन म्हणाला. "तुमच्यापायी आमच्या साहेबाले वरून झापलं. कोणी इचारलं तं तुमी फक्त म्हणा, आमाले काई तरास नाई. पिंकी शेवटच्या यस्टीनंच येते ना कॉलेजातून? फाट्यापासून एकटीच चालते."

पिंकी अमरावतीहून निघालीही असेल. लेकीचं येणंजाणं या माणसाला सांगितलं कुणी? तिनंच, हप्ता भरताना, मोठ्या कौतुकानं.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. आमदारांच्या ऑफिसातला अंकुर उतरला आणि शालूला रडूच यायचं बाकी राहिलं. आपलं माणूस आलं, असं तिला वाटलं.

"ताई, आमदारभाऊचा कार्यअहवाल निघून राहिला," अंकुर मोबाइल काढत म्हणाला. "कर्जदारांच्या संरक्षणासाठी भाऊनं काय केलं, त्याचं एक पान तुमच्यावर हाये. व्हिडिओ बी टाकू. बोला."

शालूनं धीर एकवटला. "हा माणूस माह्या घरात बसून राहिला. माह्या पोरीचं नाव घेऊन राहिला. मले भेव वाटते."

अंकुरनं मोबाइल खाली घेतला. नितेशकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"असं नाई, ताई. मिटलं म्हणा. नाई तं लोक इचारतीन, भाऊनं केलं काय? इलेक्शन आलं तोंडावर."

"पण मिटलंच नाई ना, बापा."

"ते पाहू मंग. आता म्हणा, भाऊमुळे आमाले काई तरास नाई."

शब्द तेच होते, नितेशनं सांगितलेले. बाहेर दिवस कलला होता, आणि फाट्यापासूनचा तो सुना रस्ता तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"उजेड कमी पडून राहिला," अंकुर म्हणाला.

नितेशनं उठून ट्यूबलाइट लावली. शालूनं पदर सारखा केला आणि दोघांना पाहिजे होतं ते बोलली.