कुणी तोंड न लावलेली बासरी

बासरी म्हटलं की तुम्ही लगेच बांबूची डोळ्यांसमोर आणता. मी तसली नाही. मी पत्र्याची, फूटभर लांब, सहा भोकांची बासरी बोलतेय. एरवी आवाज काढायला मला दुसऱ्याचा श्वास लागतो. आज पोटात साचलेलं आहे, म्हणून फुंकणाऱ्याची वाट न बघता सांगायला बसले आहे.

माझा जन्म औशाच्या बाजारातला, सलीम पत्रेवाल्याच्या दुकानातला. त्यानं मला घडवलं, म्हणून बापाला म्हणावं तसं मी त्याला एकेरी म्हणते. चाळण्या, नरसाळी, ट्रंका हा त्याचा रोजचा धंदा. उरूस-जत्रेचे दिवस आले की उरल्यासुरल्या पत्र्याच्या तो बासऱ्या वळायचा. माझा पत्रा सूर्यफुलाच्या तेलाच्या डब्याचा. माझ्या पोटात डोकावलात तर डब्यावरचं अर्धं फूल अजून दिसेल.

सलीमनं मला सळईवर वळवलं, कथलानं सांधा झाळला, तोंडात लाकडाची खुंटी ठोकली. मग जुनी बासरी शेजारी ठेवून मापानं सहा भोकं पाडली आणि गोल कानशीनं एकेक वाढवायला घेतलं. पाच झाली. खालून तिसरं तेवढं खिळ्याएवढंच राहिलं होतं. ते उद्या करू, मग फुंकून सुरात आणू, असं म्हणून त्यानं मला टोपलीत टाकलं. त्याच रात्री, पहाटेच्या आधी, जमीन हलली.

ते त्र्याण्णव साल. औशात भिंतींना तडे गेले, पण किल्लारीच्या बाजूची गावंच्या गावं बसली. सलीमचं दुकान दुसऱ्या कामांनी भरून गेलं. बेघरांच्या तात्पुरत्या वस्त्यांसाठी पत्रे कापायचे, पाण्याच्या टाक्या जोडायच्या, ज्यांचं सगळं गेलं त्यांना निदान कडी-कुलपाची एक पेटी करून द्यायची. बासरीची आठवण कुणाला राहणार? मी टोपलीच्या तळाशी तशीच अर्धवट पडून राहिले.

संक्रांतीच्या सुमारास दुकानात एक जोडपं आलं. गुरुबसप्पा, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, आणि त्यांची बायको महानंदाबाई. भूकंपात बसलेल्या एका गावात अप्पांचं किराणा दुकान होतं. बाई आणि त्यांचा लहानगा मृत्युंजय अंगणात झोपले होते, ते वाचले. अप्पा सहा तास भिंतीखाली होते, मग जवानांनी त्यांना बाहेर काढलं. तेही वाचले, पण बरगड्या मोडल्या आणि छातीत धूळ बसली. दहा पावलं चालले की धाप लागायची. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज फुगे फुगवा, श्वास लांबवत न्या, नाहीतर फुप्फुस आकसेल आणि मग खाटेवरून उठणं व्हायचं नाही.

औषधांबरोबर फुग्यांचं पाकीटही दिलं होतं. अप्पांनी ते उघडलं नाही. पत्र्याच्या शेडची वस्ती, आजूबाजूला घरोघरची लेकरं गेलेली. तिथे दारात बसून लाल-पिवळे फुगे कसे फुगवायचे, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, फुगा नको तर बासरी घ्या, पण फुंका.

अप्पांनी आधी बांबूचीच घेऊन पाहिली. ती आडवी धरायची, ओठ वाकडा करायचा, आणि अर्धा श्वास भोकाबाहेरच सांडायचा. आठ दिवसांत तिच्यातून एक सूर निघाला नाही. आमचं बरं असतं. आम्ही उभ्या, तोंडात धरायच्या. नवशिक्याचा चिमूटभर श्वासही आम्हाला पुरतो. म्हणून ते सलीमकडे आले.

आता अप्पांची एक खोड सांगायला हवी. उष्टं त्यांना चालत नसे. सख्ख्या भावाच्या पेल्याला ते तोंड लावत नसत. पाणी वरून पीत, हॉटेलात गेले तर कप स्वतःच्या हातानं विसळून घेत. त्यात शिवाशिव किती आणि नुसती सवय किती, ते मला कधी नीट उलगडलं नाही. बहुधा दोन्ही कालवलेलं असावं.

सलीमला काय माहीत? त्यानं टोपली पुढे ओढली, एकेक बासरी काढली आणि गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून वाजवून बघू लागला. ही गोड आहे, ही जरा उंच बोलते, असं सांगत शर्टाच्या टोकाला पुसून पुढे करायचा. अप्पा मान हलवायचे आणि ती बाजूला ठेवायचे. जिला सलीमचं तोंड लागलं ती बाद. शेवटी त्यांनी स्वतःच टोपलीत हात घातला आणि तळाशी असलेली मी त्यांच्या हाताला लागले.

‘‘हिला फुंकलंय का कुणी?’’

‘‘न्हाई अप्पा, ती अजून...’’

‘‘हीच द्या.’’

सलीमच्या लक्षात आलं. त्यानं हातातली बासरी टोपलीत ठेवली. मी अर्धवट आहे हे सांगायला त्याला एवढासा वेळ पुरला असता. पण तो दुखावला होता आणि दुखावलेला माणूस गप्प बसतो. त्यानं मला कागदात गुंडाळलं. मात्र अप्पा पायरी उतरले तेव्हा त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, बशीतला चहा निववल्यासारखं फुंका, जोर करू नका.

अप्पांनी जोर केलाच. पहिल्याच फुंकेला मी अशी किंचाळले की शेजारच्या चार शेडमधली माणसं पुन्हा धक्का बसला समजून बाहेर पळाली. अप्पा शरमले. दुसऱ्या दिवसापासून मात्र चहा निववायला लागले.

शिकणं कसं असतं ते मी फार जवळून पाहिलं आहे. अप्पा आधी बोटांच्या शेंड्यांनी भोकं दाबायचे आणि फटीतून वारा निसटायचा. मग कळलं की बोटाचा मऊ भाग सपाट टेकवायचा. वरचं एक, मग दोन, मग तीन, असं खाली खाली उतरायचं. पंधरा दिवसांत त्यांची बोटं बसली. महानंदाबाई भाकरी थापताना गुणगुणायच्या ती ओवी त्यांनी माझ्यावर काढायला घेतली. सोपी चाल, चार-पाच सुरांची. पहिली ओळ चांगली जायची. दुसऱ्या ओळीला खालून तिसरं भोक उघडावं लागे, आणि तिथे मी दगा द्यायचे. सूर असा खाली बसायचा की ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं व्हावं.

अप्पांना वाटे आपलंच चुकतंय. बोट दाबून, उचलून, तिरपं करून बघायचे. मी तरी काय करणार, माझ्या हातात असतं तर ते भोक मीच कोरलं असतं. हळूहळू त्यांचं मन माझ्यावरून उडालं. अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली, दहाची दोन. उन्हाळा लागला तेव्हा ते मला कोनाड्यात ठेवून नुसते बसून राहायचे. फेरतपासणीला गेले तर डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मान हलवली. श्वास होता तिथेच होता. पावसाळ्यात छाती भरली तर कठीण आहे, असं ते महानंदाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले.

त्या संध्याकाळी बाईंनी मला कोनाड्यातून काढलं आणि अप्पांच्या मांडीवर ठेवलं. आवाज चढवला नाही त्यांनी.

‘‘दुकानात मी बी होते. उष्टी नको म्हणून तुमी ही उचलली. त्यो सांगाय लागला होता, अजून व्हायची हाय म्हणून. तुमी ऐकलं न्हाई.’’

अप्पांचं बोट माझ्या खालून तिसऱ्या भोकावर गेलं.

‘‘दगडातून काढलं तवा त्या जवानाच्या बाटलीला तोंड लावूनच पाणी पिलात की. कोन हाय, कोनत्या गावचा हाय, इचारलं का? तवा जीव पायजे होता. आता नको झाला का?’’

असं म्हणून त्या चुलीपाशी गेल्या आणि पाठ फिरवून रडल्या. अप्पांनी मला कोनाड्यात परत न ठेवता उशाशी घेतलं.

सकाळच्या एस.टी.नं आम्ही औशाला गेलो. स्टँडापासून सलीमचं दुकान जवळ, पण अप्पा वाटेत तीनदा टेकले. सलीमनं त्यांना तसं येताना पाहिलं आणि उठून हाताला धरून आत आणलं. मला पाहताच त्यानं मान खाली घातली.

‘‘अप्पा, अधुरी हाय ही. त्या दिवशी मी बोललो न्हाई. बोलायला पायजे होतं.’’

‘‘मी बोलू दिलं न्हाई तुमाला,’’ अप्पा म्हणाले. ‘‘करून द्या.’’

सलीमनं कानस घेतली, पण लगेच हात लावला नाही. सुरात आणायची तर घासायचं आणि फुंकायचं, पुन्हा घासायचं आणि पुन्हा फुंकायचं, दुसरी रीत नाही, असं त्यानं सांगून टाकलं. अप्पांनी मान डोलावली. मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला घडवणाऱ्याचा श्वास माझ्यात आला. तो बिडीचा आणि कथलाचा वास असलेला श्वास होता. तिसरं भोक रेघेरेघेनं मोठं होत गेलं, आणि दहाव्या की बाराव्या फुंकेला सूर जागेवर बसला. मलाच इतकं मोकळं वाटलं की काय सांगू.

सलीमनं सवयीनं शर्टाचं टोक हातात घेतलं. पुसणार, तेवढ्यात अप्पांनी हात पुढे केला आणि मला तशीच ओली घेतली. ओठांना लावली. ओवीची दुसरी ओळ दुकानात बसून वाजवली, धापा टाकत, मध्ये दोनदा थांबून, पण पुरी वाजवली. सलीमचे डोळे भरून आले होते. त्यानं चहा मागवला.

पुढची वर्षं चांगली गेली. अप्पा रोज अर्धा तास वाजवू लागले, मग तास. पावसाळा निभावला. नव्या गावठाणात पक्कं घर मिळालं, दुकान पुन्हा उभं राहिलं, अप्पांना पोती उचलणं जमलं नाही तरी ते दिवसभर गल्ल्यावर बसू लागले. माल भरायला औशाला गेले की सलीमकडे थांबायचे. आधी तो फुंकायचा, मग हे. सलीम गेल्यावर त्याच्या मुलानं दुकानात प्लॅस्टिकच्या बादल्या ठेवल्या. तिथे मग अप्पा थांबेनासे झाले.

मृत्युंजय शिकला, लातूरला नोकरीला लागला आणि त्यानं क्लासच्या गल्लीत घर बांधलं. आईवडिलांना तिथे आणलं. खाली आम्ही, वर भाड्याच्या बारा खोल्या. नायगाव, उमरी, कुठून कुठून डॉक्टर व्हायला आलेली मुलं तिथे राहतात. जिन्यात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. मुलं पुस्तकात डोकं घालून जेवतात आणि चालतानाही काहीतरी पाठ म्हणतात. अप्पांनी कुणी न सांगताच माझी वेळ बदलली. दुपारी सगळी क्लासला गेली की मला काढायचे.

पण वय झालं. अप्पांच्या छातीनं जेवढी साथ द्यायची तेवढी दिली होती. एके दिवशी मी त्यांच्या ओठांवर होते आणि आवाज निघाला नाही. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि नुसती बोटं फिरवू लागले. श्वास नाही, सूर नाही, बोटं मात्र बिनचूक. महानंदाबाई समोर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांची स्वतःची बोटं संधिवातानं वाकलेली. बघता बघता त्यांनी ओळखलं की ही आपलीच ओवी आहे.

‘‘फुंकू का मी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘इचारतीस काय. लाव की तोंड.’’

बाई उठल्या आणि आधी दाराला कडी लावली. सून कधीही आत येईल, आणि ते बसणंच तसं होतं. त्या पुढे, अप्पा मागे, दोन्ही बाजूंनी हात आणून बोटं माझ्यावर. या वयात असलं काही करताना दोघंही लाजली. पहिल्या फुंकेला मी किंचाळले, दुसरीला कमी. आठवडाभरात ओवी वाजू लागली. श्वास बाईंचा आणि बोटं अप्पांची, अशी मी दोन वर्षं वाजले. एवढी सुरेल मी आधी कधीच नव्हते, हे सलीमची माफी मागून सांगते.

गेल्या श्रावणात अप्पा गेले.

महानंदाबाई अजून दुपारी मला काढतात. वाकडी बोटं भोकांवर बसत नाहीत. सहाही भोकं उघडी राहतात आणि एकच उंच सूर येतो. ओळ संपायच्या जागी त्या थांबतात, श्वास घेतात, पुन्हा तोच सूर. वरच्या खोलीतली, दुपारी सगळ्यांच्या शेवटी निघणारी उमरीची सबिहा परवा जिन्यात थांबली आणि आजी, रोज एकच का वाजवता, असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, ‘‘बोटं ह्यांची होती माय. मी नुसती फुंकणारी.’’ मुलगी काहीतरी बोलणार होती, पण घड्याळ बघून गेली. तिची चाचणी होती. मी तिला दोष देत नाही.

सबिहा, पोरी, तुझी चाचणी होऊ दे. तू डॉक्टर हो, लोकांच्या छातीला नळी लावून त्यांचे श्वास ऐक. पण एखाद्या दुपारी दहा मिनिटं खाली ये. फुंकायला आजी आहे. तू फक्त तुझी सहा बोटं आण.